तुमच्या बाल्कनीत जेवायला कोण येतं?

तुमच्या बाल्कनीचा फोटो मस्त येतो, मान्य. मनी प्लँट, स्नेक प्लँट, पांढऱ्या कुंड्या, वर फेअरी लाइट्स. पण तिथे कधी मधमाशी आलेली पाहिलीये? फुलपाखरू? नसेल, तर त्यांचा काही दोष नाही. तुम्ही घर सजवलंय, पण जेवायला काहीच ठेवलेलं नाही.

मीही यातलीच. मागच्या पावसाळ्यात चौथ्या मजल्यावरच्या ग्रिलवर काकडीचा वेल चढवला. भरभरून फुलला. पिवळ्या फुलांचे रील्सही टाकून झाले. पण काकडी काही धरेना. बोटाच्या पेराएवढी व्हायची, पिवळी पडायची आणि गळायची. खत बदललं, पाणी कमी केलं, यूट्यूब पालथं घातलं. शेवटी गावी आजीला फोन लावला. तिने एवढंच विचारलं, ‘अगं, फुलावर माशी येते का?’

येत नव्हती. येणार कशी? पानांवर मावा पडला म्हणून दर रविवारी मीच औषध फवारत होते.

काकडी, भोपळा, कारलं यांना नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे चिमुकलं फळ असतं, पण नर फुलातला पराग तिथवर कुणी नेला नाही तर ते गळतं. काही दिवस हे काम मी रंगाच्या ब्रशने केलं, सकाळी सातला, कॉलेजची लोकल चुकवून. मिळाल्या चार काकड्या! वांग्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचा पराग छोट्याशा छिद्रातून झटकून काढावा लागतो. आपण ज्याला बघून झाडू शोधतो ना, तो ढब्बू काळा भुंगा फुलाला लटकून अंग थरथरवतो आणि पराग पाडतो. मधमाशीला हे जमत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : नर्सरीत गेलात की ‘दिसतं कसं’ याआधी ‘यात खायला आहे का’ हे बघा. डबल जास्वंद भरगच्च दिसते, पण तिथे पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. म्हणजे ताट मोठं आणि वाढलेलं शून्य. त्यापेक्षा साधी एकेरी जास्वंद, तेरडा, पेंटास, सब्जा लावा. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, थोड्या फुलू द्या, मग बघा. (घाणेरीवर फुलपाखरं येतात म्हणून ती मात्र लावू नका, बाहेरून आलेल्या या झुडपाने आपली रानं आधीच व्यापलीत.) आणि फवारणी बंद. मावा पाण्याच्या फवाऱ्यानेही जातो, फक्त रोज बघावं लागतं.

खरी परीक्षा पुढे आहे. फुलपाखरू सगळ्यांना हवं असतं, अळी कुणालाच नको असते. लिंबू आणि कढीपत्त्यावर ‘कॉमन मॉर्मन’ अंडी घालतं, रुईवर ‘प्लेन टायगर’, पानफुटीवर ‘रेड पिएरो’. अळ्या पानं खाणारच, त्या त्यासाठीच आल्यात! भोकं पडलेलं झाड इन्स्टावर चांगलं दिसत नाही, हे तेवढं सोसावं लागेल.

आणि हो, सोसायटीच्या ग्रुपवर. पोळं दिसलं की दहा मिनिटांत पेस्ट कंट्रोलचा नंबर पडतो. दाराशी आग्या माश्यांचं पोळं असेल तर भीती खरी आहे, तिथे जाणकारालाच बोलवायला हवं. पण फुलोरी माश्यांचं तळहाताएवढं पोळं कोपऱ्यात लटकलंय म्हणून औषध मारायचं? परवा मी ग्रुपवर हे लिहिलं. दोन थम्स अप आले, आणि एका काकांचा ‘चावली तर तू जबाबदार का?’ उत्तर अजून टाइप करतेय.

आमचा कढीपत्ता सध्या निम्मा बोडका आहे. सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आता हिरव्यागार झाल्यात, बोट लावलं की डोक्यामागून लाल शिंगं काढतात. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. काल भाजीवालीकडून कढीपत्त्याची जुडी घेऊन आली आणि म्हणाली, ‘ग्रिलवर एक कोष दिसतोय. तिथे कपडे वाळत घालू नकोस.’