कंत्राटदाराच्या आड लपलेले मालक

गटारात उतरलेला कामगार गुदमरून मेला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक ठरलेले वाक्य असते: 'हे कामगार आमचे नव्हते, कंत्राटदाराचे होते.' वाक्य महापालिकेचे. पोलीसही ते निमूटपणे मान्य करतात. गुन्हा मुकादमावर नाहीतर पोटकंत्राटदारावर दाखल होतो आणि कार्यादेशावर सही करणारा अभियंता साक्षीदारांच्या यादीतही सापडत नाही. मेलेला कोणत्या वस्तीतला, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पूर्वी हे काम जातीने लादले जाई, आता निविदा काढून लादले जाते, एवढाच फरक.

या वाक्याला कायद्यात किती किंमत आहे?

जो दुसऱ्याकरवी काम करवून घेतो त्याने ते स्वतःच केले असे समजावे, हे जुने तत्त्व आहे. नोकराने धन्याच्या कामात हयगय केली तर भरपाई धन्याने द्यायची. सरकारही यातून सुटलेले नाही. उदयपूरला 1952 साली कलेक्टरची जीप दुरुस्तीहून परत आणताना चालकाने एका पादचाऱ्याला उडवले. त्याची भरपाई राजस्थान सरकारने द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली सांगितले.

पण पळवाट आहे. कंत्राटदार स्वतंत्र असेल, त्याच्या कामाच्या पद्धतीवर धन्याचा ताबा नसेल, तर त्याच्या हयगयीला धनी सहसा जबाबदार नसतो. महापालिकांचे वकील नेमके इथेच बोट ठेवतात. निविदेतही 'अपघाताची सर्व जबाबदारी कंत्राटदाराची राहील' असे कलम असते. आम्ही म्हणतो, ते कलम सही करणाऱ्या दोघांपुरते. मेलेल्याच्या विधवेने त्यावर सही केलेली नाही. शिवाय काम मुळातच जिवावरचे असेल किंवा कर्तव्य कायद्याने अंगावर टाकलेले असेल, तर ते कंत्राटदाराच्या गळ्यात घालून मोकळे होता येत नाही.

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या कलम 12 ने मूळ मालकाकडूनच भरपाई मागण्याचा हक्क दिला होता. मालकाने ती मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करावी. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद पुढे आली. 2013 च्या कायद्याचे कलम 7 तर स्पष्टच बोलते. कोणीही, स्थानिक संस्थेनेसुद्धा, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे माणसाला गटारात वा सेप्टिक टँकमध्ये धोकादायक सफाईसाठी लावू नये. 'अप्रत्यक्षपणे' हा शब्द कंत्राटदाराच्या मागे दडणाऱ्यांसाठीच आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुरुंगात गेलेला आयुक्त मात्र आम्ही अजून पाहिलेला नाही.

दिल्ली जल बोर्डाच्या प्रकरणात 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने शासन व त्याच्या संस्थांना कामगारांच्या सुरक्षेची जबाबदारी झटकता येणार नाही, असे बजावले. 2014 साली गटारबळींना दहा लाख ठरले, ऑक्टोबर 2023 मध्ये ते तीस लाख झाले. मुंबईत गोवंडीच्या एका खासगी सोसायटीत डिसेंबर 2019 मध्ये तीन कामगार सेप्टिक टँकमध्ये मेले. सोसायटी खासगी आहे, आमचा काय संबंध, असा सरकारचा पवित्रा होता. उच्च न्यायालयाने 2021 साली तो मानला नाही. आधी सरकारने विधवांना दहा-दहा लाख द्यावेत, मग दोषींकडून वसूल करावेत, असा आदेश झाला.

निकाल आहेत, पण पहिल्या दिवशी पोलीस ठाण्यात ते कोणी दाखवत नाही. दुःखात बुडालेले घर हवालदार लिहील त्या कागदावर अंगठा देते, आणि त्या कागदात मूळ मालकाचे नावच नसते. मग पुढे वर्षानुवर्षे ते नाव घालण्यासाठीच भांडावे लागते. म्हणून वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी मयताला खांदा देण्याआधी फिर्याद वाचावी. काम कोणाच्या हद्दीतले, कोणाच्या आदेशाने, त्या अधिकाऱ्याचे पद काय, हे तीत लिहून घ्यावे. कलम 7 आणि 9 लावण्याची मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. कार्यादेश व निविदेची प्रत माहिती अधिकारात त्याच आठवड्यात मागावी. उशीर झाला की फाईल 'सापडत नाही'. आणि कंत्राटदार रोख रक्कम घेऊन दारात आला तर त्याच्या कोणत्याही कागदावर सही करू नये.