रँक बघा, पण फाटकातून आत जाऊन या

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी एकच यादी फिरू लागते : कुठलं कॉलेज कितवं. पालकहो, त्या यादीला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. पण मुलाची चार वर्षं तिच्या हवाली करण्याआधी ती कशी बनते, एवढं समजून घ्या.

केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून निघते. इंजिनिअरिंगसाठी त्यात शिकवणं आणि साधनं यांना ३० गुण, संशोधनाला ३०, निकाल-नोकरीला २०, मुली आणि वंचित घटकांना मिळणाऱ्या संधीला १० आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १०. म्हणजे निकाल-नोकरीपेक्षा शोधनिबंध आणि पेटंट भारी. देशातल्या संस्था मोजायच्या तर यात वावगं काही नाही. पुढे पीएचडी करायची असेल, तर तुम्हीही हे बघायलाच हवं. पण गणिताच्या एम-थ्री पेपरात तुमच्या लेकीची गाडी अडली तर तिच्याजवळ बसून समजावणारं कोणी आहे का, याला इथे गुण नाहीत.

माझा भाचा दुपारभर मोटरसायकल उघडून बसणारा. नाव मोठं म्हणून दूरच्या कॉलेजात मिळाली ती ब्रँच घेतली. दुसऱ्या वर्षी ईयर डाउन. पोरगा ढ नव्हता, पण त्याचे हात रिकामे होते. ‘एवढ्या चांगल्या कॉलेजात गेलायस’ असं आम्हीच त्याला ऐकवत राहिलो, म्हणून तो बोललाही नाही.

तेव्हा यादीचा उपयोग चाळणीसारखा करा. दहाव्या आणि दोनशेव्या नंबरात फरक असतोच. चाळीस आणि पंचावन्न यांच्यात मात्र जीव अडकवू नका. हाती पाच-सहा नावं उरली की खालची कामं करा.

यादीतल्या संस्थांनी भरून दिलेली माहिती एनआयआरएफच्या संकेतस्थळावर असते. किती मुलं आली, किती वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि मधला पगार किती, हे तिथे वाचा. मधला पगार म्हणजे नोकरी लागलेल्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं, तर बरोबर मध्ये येईल त्याचा. फाटकावरच्या फलकावर असतं ते एकट्या पोराचं पॅकेज.

खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तपासा. हॉस्टेल, मेस आणि येण्याजाण्याचा खर्च वेगळा धरा.

मग मुलाला घेऊन कामाच्या दिवशी कॉलेजात जा. स्वागताला माणसं उभी असतात त्या दिवशी नको. लॅबमध्ये मशिनवर प्लॅस्टिकचं कव्हर आणि कव्हरवर धूळ असेल, तर पुढचं काही विचारायची गरज नाही. चहाच्या टपरीवर दुसऱ्या वर्षाची मुलं गाठा. प्रॅक्टिकल खरंच होतात की गेल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवून काढतात? विषय राहून केटी लागली तर सर भेटतात का? रविवारी रात्री मेस चालू असते का? गावाकडची शेवटची एसटी किती वाजता? तेव्हा तुम्ही चार पावलं लांब थांबा. मुलाला विचारू द्या, राहायचं त्याला आहे.

शेवटी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, म्हणजे कॅपचा, ऑप्शन फॉर्म. कॅपच्या पहिल्याच फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला, तर ती जागा आपोआप पक्की होते. तो पर्याय केवळ मोठं नाव म्हणून वर टाकला असेल, तर तेच गळ्यात पडतं. म्हणून फॉर्म लॉक करण्याआधी मुलाला विचारा, ‘या कॉलेजला नंबरच नसता, तरी इथे ही ब्रँच घेतली असतीस का?’ तो घुटमळला, तर नाव खाली सरकवा. लॉक करेपर्यंत क्रम बदलता येतो.