तेलाची पट्टी आणि आमचा सल्ला

या सदरांतून आजवर आम्हीं वाचकांस पुष्कळ सल्ले दिले. त्यांपैकीं एकादा चुकल्याचें कोणीं लिहून कळविलें नाहीं, त्यामुळें ते सारेच बरोबर होते अशी आमची सोईस्कर समजूत होऊन बसली होती. गेल्या उन्हाळ्यांत तिला धक्का बसला. सल्ला मागणारा कोणी परका वाचक नव्हता, आमच्या थोरल्या बंधूंचा धाकटा मुलगा होता. त्याची तीन लिटर तेलाची फजिती आणि आमची त्याहून मोठी फजिती आज येथें लिहीत आहों. घरांत मोटार असलेल्या वाचकांना ती उपयोगी पडेल. ज्यांच्या घरीं मोटार नाहीं त्यांना निदान हंसतां तरी येईल.

हा पुतण्या नोकरीनिमित्त जर्मनींत श्टुटगार्ट येथें असतो. (मुंबई आणि श्टुटगार्ट यांचें 1968 पासून भगिनी-नगरांचें नातें आहे. तें पुण्याशीं नाहीं, हें आमच्या मुंबईकर आतेभावानें आम्हांस दोनदां तरी ऐकविलें आहे.) मोटारींचें वेड त्याला लहानपणापासूनचें. तीन वर्षें पैसे सांठवून त्यानें तेथें पोर्शे कंपनीची एक जुनी शर्यती थाटाची मोटार विकत घेतली. 911 जातीची, 1986 सालची, 3.2 लिटरच्या एंजिनाची करेरा. ही जात प्रथम 1963 सालीं फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत 901 या नांवानें मांडली गेली होती; परंतु मधोमध शून्य असलेल्या तीन आंकडी नांवांवर पेझो या फ्रेंच कंपनीनें आपला हक्क सांगितला, म्हणून शून्याच्या जागीं एक आला. हिचें एंजिन पाठीमागच्या चाकांच्याहि मागें असतें. त्याला सहा सिलिंडर, तीन या अंगाला आणि तीन त्या अंगाला आडवे निजविलेले. त्याला पाणी नाहीं. पंख्याची हवा आणि तेल या दोघांनीं मिळून तें थंड ठेवावयाचें. 1998 पर्यंत ही रीत चालली. एवढ्यावरून हिच्यांत तेलाचें माहात्म्य किती असेल याचा अंदाज वाचकांस येईल. साध्या मोटारींत चार-पांच लिटर तेल असतें; या करेरांत सुमारें 13 लिटर.

त्या आठवड्यांत आमचे बंधु व वहिनी मुलाकडे गेलीं होतीं. दुसऱ्या दिवशीं आई-वडिलांना काळ्या अरण्याच्या डोंगरांत फिरवून आणावयाचें असा त्याचा बेत. गाडीला मागें बसण्याची जागा म्हणजे केवळ नांवाला. परंतु मुलाच्या हौसेखातर पाय दुमडून बसण्यास बंधु तयार झाले होते. निघण्यापूर्वीं तेल बदलावें असें चिरंजीवांनीं ठरविलें. तिकडे भाड्यानें जागा आणि हत्यारें देणाऱ्या कार्यशाळा असतात. तेथें जाऊन त्यानें सायंकाळीं जुनें तेल काढलें. तें 9 लिटर भरलें. मग नवी गाळणी बसवून 9½ लिटर नवें तेल घातलें आणि कार्यशाळा बंद होण्याच्या घाईंत तो दोन मैलांवरच्या घरीं परतला. सकाळीं पाहतो तों तेल मोजण्याची पट्टी कोरडी.

त्यानें आम्हांस फोन केला. तिकडे सात वाजले होते, इकडे साडेदहा. फोनच्या पडद्यावर त्यानें ती पट्टी आम्हांस दाखविली.

"काका, साडेनऊ लिटर घातलें आहे, आणि टिपूस लागत नाहीं. गळून म्हणावें तर खालीं एक डाग नाहीं."

गाडी रात्रभर उभी होती ना, एंजिन अगदीं थंड आहे ना, असें आम्हीं विचारलें. तो होय म्हणाला. मग तेल मोजण्याची खरी वेळ हीच, असें आम्हीं त्यास सांगितलें. आमच्या वडिलांची फियाट होती, पुढें पद्मिनी नांवानें घरोघर झालेली, कुर्ल्याच्या कारखान्यांतली. सकाळीं, गाडी सुरू करण्यापूर्वीं, पट्टी काढावी, फडक्यानें पुसावी, परत पूर्ण घालावी, पुन्हा काढावी आणि पाहावें, हा धडा आम्हीं वडिलांच्या हाताखालीं वयाच्या बाराव्या वर्षीं शिकलों आणि पुढें चाळीस वर्षें गिरविला.

"पुस्तक वर घरांत आहे, काका. आणून पाहूं का?"

आई-बाबा तयार होऊन ताटकळले असतील, पुस्तक सवडीनें वाच, असें आमचें उत्तर. हें वाक्य पुढें आमच्या घरांत बरेच दिवस निरनिराळ्या प्रसंगीं आम्हांलाच ऐकावें लागलें. त्यानें दोन लिटर तेल आणखी ओतलें. पट्टीचें टोंक कसेंबसें भिजलें. आम्हीं म्हटलें, आणखी एक. तें घातल्यावर तेल खालच्या खुणेशीं आलें. आमचें समाधान झालें व आम्ही चहा घेण्यास गेलों.

श्टुटगार्ट हें गांव कढईसारखें आहे. मध्यें खोलगट आणि सभोंवार उतार. पुतण्याचें घर अशाच एका उतारावर. तेथून तीं निघालीं आणि पाव तासानें, खालीं एका सिग्नलपाशीं, मोटारीच्या पाठीमागें निळ्या धुराचा एवढा लोट उठला कीं मागच्या मोटारी दिसेनात. वहिनींना वाटलें, गाडी पेटली. त्या खालीं उतरल्या. बंधूंना मागच्या जागेंतून चटकन् उतरतां येईना. मुलाचा चेहरा पांढरा पडला. त्याच्या तीन वर्षांच्या शिलकेचा धूर निघत होता, निदान त्याला तरी तसेंच वाटलें. एंजिन बंद करण्याची बुद्धि त्याला झाली हें मोठें भाग्य.

गाडी ओढून परत आणली. त्याच्या इमारतींत खालच्या मजल्यावर एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांचें सारें आयुष्य मोटारी दुरुस्त करण्यांत गेलेलें. त्यांनीं एकच प्रश्न विचारला: तेल मोजलें तेव्हां एंजिन चालू होतें का? नव्हतें असें ऐकल्यावर त्यांनीं मान हलविली.

येथें थोडा खुलासा केला पाहिजे. साध्या मोटारींत तेल एंजिनाच्या बुडाशीं असलेल्या परातींत सांठतें. तेथून पंप तें ओढून सर्वत्र पोंचवितो, आणि काम झालें कीं तें पुन्हा परातींत टपकतें. परंतु वेगानें वळण घेतांना तेल एका बाजूस चढतें. ताकाचें पातेलें हातांत घेऊन झटकन् वळलें तर ताक एका कांठाला जातें व दुसरीकडचें बूड उघडें पडतें, तशांतलाच प्रकार. त्या क्षणीं पंपाच्या तोंडीं तेलाऐवजीं हवा आली तर जोरांत फिरणारे भाग कोरडे पडतात. म्हणून शर्यतीच्या वळणाच्या मोटारींत एंजिनाचें बूड रिकामें ठेवतात. तेलाची टांकी निराळी, उभी व खोल. या 911 मध्यें ती मागच्या उजव्या अंगाला असते. पंपहि दोन: एक टांकींतून तेल एंजिनाला देतो, दुसरा एंजिनांत गळलेलें तेल उपसून टांकींत परत धाडतो. आणि मोजण्याची पट्टी बसविलेली असते ती टांकींत, एंजिनांत नव्हे.

आतां रात्रभर गाडी उभी राहिली कीं टांकींतलें तेल हळूहळू झिरपत एंजिनाच्या बुडांत उतरतें. सकाळीं टांकी अर्धीमुर्धी रिकामी, पट्टी कोरडी, परंतु तेल मात्र घरचें घरांतच! कोठीच्या खोलींतला डबा रिकामा पाहून धान्य संपलें म्हणावें आणि स्वयंपाकघरांतला डबा उघडूनच पाहूं नये, तसें आम्हीं केलें. मोटार सुरू झाल्यावर दुसऱ्या पंपानें आपलें काम इमानानें केलें. बुडांतलें सारें तेल उपसून टांकींत आणलें. तेथें आमचे तीन लिटर अगोदरच जाऊन बसलेले. शिवाय तेल तापलें कीं फुगतें. दर अंशाला हजारांत सुमारें सात भाग वाढत नाहीं, तर दहा हजारांत सात. हें ऐकावयास क्षुल्लक वाटतें, परंतु 10 लिटर तेल 80 अंशांनीं तापलें म्हणजे अर्ध्या लिटरहून अधिक वाढ होते. टांकींत जागा उरली नाहीं, तेव्हां तेल वाफ जाण्याच्या नळीनें एंजिनाच्या श्वासनलिकेंत शिरलें आणि पेट्रोलबरोबर जळूं लागलें. तोच तो निळा धूर.

म्हणून या गाडीचा नियम फियाटच्या बरोबर उलट आहे. तेल 80-90 अंशांपर्यंत चांगलें तापलेलें पाहिजे, कारण तें तापल्यावरच पुढच्या बाजूच्या तेल थंड करणाऱ्या जाळीचा मार्ग उघडतो आणि तेथेंहि तेल भरतें. गाडी सपाट जागीं उभी पाहिजे. एंजिन मंद गतीनें चालू पाहिजे. अशा स्थितींत पट्टी पाहावी. समोरच्या तबकडींत तेलाच्या पातळीचा एक कांटा असतो, तोहि याच स्थितींत खरें बोलतो. गाडी वेगांत असतांना तो तळाला जाऊन पडतो, आणि नव्या मालकाचा जीव घाबरा करतो.

तेल बदलल्यानंतर तर हें अधिकच सांभाळावें लागतें. दोन्ही बुचें उघडलीं, एक टांकीचें आणि एक एंजिनाचें, तरी 13 पैकीं सुमारें 10 लिटरच बाहेर येतें; उरलेलें नळ्यांत आणि जाळींत दडून राहतें. यासाठीं पुस्तकांतल्या 13 च्या आंकड्यावर जाऊं नये. निघालेलें तेल मोजावें, त्याहून थोडें कमीच घालावें, गाडी वीस-पंचवीस मिनिटें फिरवून तापवावी, मग सपाटीवर मोजून अर्धा-अर्धा लिटर वाढवीत दोन खुणांच्या मध्यावर थांबावें. मोजण्याचें काम आमच्या चिरंजीवांनीं केलेंच होतें. 9 निघालें, 9½ घातलें, यांत मोठें चुकलें असें कांहींच नव्हतें. आम्हीं त्याच्या हिशेबावर विश्वास न ठेवतां आमच्या पट्टीवर ठेवला.

तेलाच्या बाबतींत या गाडीच्या वाटेला आलेली फसगत मात्र आमच्यापुरतीच नाहीं. 1972 च्या नमुन्यांत कंपनीनें टांकी मागच्या उजव्या चाकाच्या पुढें आणली व तेल घालण्याचें झांकण बाहेरच्या पत्र्यावरच बसविलें. पेट्रोल-पंपावरच्या नोकरांना तें पेट्रोलचें झांकण वाटे, आणि ते तेलाच्या टांकींत पेट्रोल सोडीत. एका वर्षांतच कंपनीला तें झांकण काढून टाकावें लागलें. ही हकिकत पुतण्यानें आम्हांस मुद्दाम सांगितली. आमचें सांत्वन करावें हा हेतु असावा.

आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं असतात त्या साध्या मोटारींना अर्थात् जुनाच धडा लागू आहे: एंजिन बंद, जागा सपाट, आणि नुकतीच गाडी थांबविली असेल तर तेल खालीं उतरण्यास कांहीं मिनिटें द्यावीं. परंतु तेथेंहि वरच्या खुणेच्या वर तेल घालूं नये. "चार थेंब जास्त असलें तर काय बिघडलें," असें आपल्याकडे म्हणतात. आम्हींहि म्हटलें आहे. तेल फार झालें कीं एंजिनाचा फिरता दांडा तें घुसळूं लागतो, त्याला ताकासारखा फेस येतो, आणि पंप तो फेसच ओढतो. कमी तेलानें जी हानि व्हावयाची ती जास्त तेलानेंहि होऊं शकते. अलीकडच्या कित्येक गाड्यांत पट्टीच नसते. आंकडा पडद्यावर उमटतो. तोहि कोणत्या स्थितींत पाहावयाचा तें त्या त्या गाडीच्या पुस्तकांत लिहिलेलें असतें.

त्या वृद्ध गृहस्थांनीं दुपारीं हातपंपानें टांकींतलें जादा तेल वरूनच उपसून काढलें, हवेची गाळणी बदलविली, तेलानें माखलेली तिची पेटी पुसून घेतली आणि गाडी उतारावरून खालीं नेऊन एका दुकानाच्या सपाट आवारांत उभी करविली. सुरुवातीला थोडा धूर आला, मग थांबला. एंजिनाला कांहीं झालें नव्हतें. काढलेलें तेल नवें व स्वच्छच होतें. तें त्यांनीं डब्यांत भरून ठेवावयास सांगितलें, कारण ही जात थोडें थोडें तेल पितेच. बंधु व वहिनी काळ्या अरण्यांत दुसऱ्या दिवशीं आगगाडीनें जाऊन आलीं. वहिनींच्या मतें आगगाडीच्या खिडक्या मोठ्या होत्या. बंधूंनीं फोनवर आमच्याशीं मोटारीचा विषय काढला नाहीं. त्यांचा तो स्वभाव आहे. परंतु कोणी पुस्तकाचें नांव काढलें कीं ते अजून आमच्याकडे पाहतात.

आठ दिवसांनीं पुतण्याचें एक छायाचित्र आलें. एका हातांत पट्टी, तेल बरोबर दोन खुणांच्या मध्यें. खालीं लिहिलें होतें, "काका, एंजिन चालू होतें." पट्टीच्या मागें, गाडीच्या टपावर, तें पुस्तक उघडें ठेवलेलें दिसत होतें.