सर्व्हरची किल्ली कोणाच्या खिशात?

उर्दू शाळांत मराठी शिकवणाऱ्या आम्ही काही शिक्षकांनी एक शब्दसंग्रह केला होता. उर्दू आणि मराठीत ऐकायला सारखे, पण अर्थाने वेगळ्या वाटेला गेलेले शब्द त्यात होते. मराठीत राजीनामा दिला की नोकरी सुटते; उर्दूत दोन पक्षांचा समेट झाला की राज़ीनामा लिहितात. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. मराठीत प्रयत्नांची शिकस्त म्हणजे प्रयत्नांची कमाल. उर्दूतली तकरार म्हणजे हुज्जत. मराठीतली तक्रार आपण अर्ज लिहून कचेरीत देतो. आमची मुलं मराठीच्या पेपरात नेमकी अशाच शब्दांवर घसरतात, म्हणून हा खटाटोप.

हा संग्रह एका वेबसाइटवर होता. एका सोमवारी वर्गात उघडायला गेलो, तर पान उघडेना. चार दिवसांनी उलगडा झाला. क्लाउडवरचं खातं ज्या माजी विद्यार्थ्याच्या नावावर होतं, तो नोकरीसाठी कतारला गेला होता. त्याच्या कार्डाची मुदत संपली, बिल थकलं, इशारे त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिले आणि शेवटी ते मशीन डिस्कसकट काढून टाकलं गेलं.

मी त्या मुलाला दोष देत नाही. दोन वर्षं तो स्वतःच्या खिशातून पैसे भरत होता आणि आम्ही कोणी एकदाही विचारलं नाही की, बाबा रे, हे चालतं कुठे आणि खर्च किती येतो. शब्द आम्ही जुन्या वह्यांतून आणि कोणाकोणाच्या फायलींतून बरेचसे परत जमवले. पण एका निवृत्त सरांनी आपल्या आवाजात करून दिलेले उच्चार फक्त तिथेच होते. सर आता हयात नाहीत.

तेव्हा ठरवलं, या वेळी सगळं स्वतः शिकायचं. बी.एड. झालेल्या भाषेच्या शिक्षकाला हे जमतं का? जमतं. दिवाळीची सुट्टी गेली, पण जमलं. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय, कारण आपल्या शाळा, जमाती, वाचनालयं आणि ट्रस्ट यांचं बरंचसं काम आता असंच कोणाच्या तरी भरवशावर चाललेलं मी पाहतो.

आधी दोन शब्द समजून घेऊ. व्हर्च्युअल मशीन म्हणजे मोठ्या संगणकात सॉफ्टवेअरने पाडलेली भाड्याची खोली. प्रत्येक खोलीला स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम असते, शेजाऱ्याचं शेजाऱ्याला दिसत नाही. अशा खोल्या मुंबईतही मिळतात. ॲमेझॉनने आपलं मुंबईतलं केंद्र २०१६ मध्ये सुरू केलं. कंटेनर त्या खोलीत ठेवायची पेटी. कार्यक्रम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधलेलं असतं, पण ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा खोलीचाच वापरला जातो, म्हणून पेटी हलकी असते आणि काही सेकंदांत सुरू होते. ही पद्धत २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने घरोघरी नेली. नाव घेतलं आहे ते जहाजावरच्या कंटेनरवरून. कोकणात ज्यांच्या घरची माणसं जहाजावर गेली, त्यांना हे वेगळं समजवायला नको. पेटीत आंबा आहे की यंत्राचे भाग, हे न्हावा शेवाच्या क्रेनला ठाऊक नसतं. पेटीचं माप ठरलेलं आहे, तेवढं तिला पुरतं.

मला यातली सर्वांत मोलाची वाटली ती डॉकरफाइल. पेटीत काय काय आणि कोणत्या क्रमाने भरायचं, याची ती लेखी पाककृती आहे. लिहिलं नसेल तर ती वस्तू पेटीत नसते. हे मला चांगलंच जाणवलं. माझ्या लॅपटॉपवर उर्दू शब्दांची पीडीएफ सुरेख निघत होती. कंटेनरमधून काढली, तर नस्तालीकच्या जागी नुसते रिकामे चौकोन. लॅपटॉपवर उर्दू फाँट कधीकाळी टाकला होता आणि मी ते विसरलो होतो. पेटी मात्र कोरी होती. पाककृतीत नोटो नस्तालीक उर्दू हा फाँट टाकायची एक ओळ घातली आणि अक्षरं उमटली. ती ओळ आता माझ्या डोक्यात नाही, फाइलमध्ये आहे. उद्या मी नसलो तरी चालेल.

बाकीचे धडेही असेच ठेच लागून मिळाले. बॅकअपची वेळ रात्री दोनची ठेवली होती, तो होत होता सकाळी साडेसातला, म्हणजे आमच्या सकाळच्या शाळेच्या ऐन गर्दीत. कंटेनरचं घड्याळ मूळचं यूटीसीवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. डेटाबेसचं पोर्ट मी बाहेर उघडं ठेवलं होतं आणि फायरवॉल लावला आहे म्हणून निर्धास्त होतो. उबुंटूवरचा नेहमीचा यूएफडब्ल्यू फायरवॉल असतो ना, डॉकरने उघडलेलं पोर्ट त्याला वळसा घालून जगाला दिसतं. खरं तर ते उघडायची गरजच नव्हती. वेबसाइट आणि डेटाबेस यांचे कंटेनर आतल्या जाळ्यावर एकमेकांशी बोलू शकतात. मशीन एकदा बंद होऊन सुरू झालं आणि कंटेनर उठलेच नाहीत, कारण त्यांनी आपोआप उठावं हे कुठे लिहिलं नव्हतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं: माहिती पेटीत ठेवायची नाही. कंटेनर काढून टाकला की त्याच्या आत साठलेलं त्याच्याबरोबर जातं. शब्द, आवाज, नोंदी वेगळ्या व्हॉल्यूममध्ये ठेवायच्या. तो व्हॉल्यूमही त्याच मशीनच्या डिस्कवर असतो, म्हणून त्याची प्रत दुसरीकडे हवीच. आणि ती प्रत उघडून, दुसऱ्या मशीनवर चढवून पाहिलेली हवी. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर मी आता भरवसा ठेवत नाही.

हे सगळं जमलं आणि मग लक्षात आलं की, आमचा संग्रह यातल्या कोणत्याच चुकीमुळे गेला नव्हता. तो गेला कारण खातं एका व्यक्तीचं होतं. कोणत्याही डॉकरफाइलमध्ये मालक कोण, बिल कोण भरणार, पासवर्ड कोणाकडे, हे लिहायची सोय नाही. ते आपण लिहायचं असतं.

आपल्याकडे याला शब्द आहेत. मुतवल्ली वक्फचा कारभार पाहतो, त्याचा मालक नसतो. सर्व्हर सांभाळणारा मुलगाही मुतवल्लीच आहे. त्याच्या हाती आहे ती संस्थेची अमानत. सूरह बकराची २८२वी आयत ही कुरआनातली सर्वांत लांब आयत. तिच्यात उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असली तरी लिहिण्याचा कंटाळा करू नका, असं बजावलं आहे. पाचशे रुपयांच्या देणगीची पावती फाडणाऱ्या आपल्या संस्था सर्व्हरच्या बाबतीत मात्र तोंडी कारभार करतात.

काही जण म्हणतात, इतकी यातायात कशाला, व्हॉट्सॲप ग्रुप आहे की. ग्रुपवर टाकलेला शब्द तीन दिवसांत वर सरकून जातो, मुलाला परीक्षेच्या आदल्या रात्री सापडत नाही. काही जण म्हणतात, तयार सेवा घ्या, सर्व्हरच नको. जिथे त्यात काम भागतं, तिथे जरूर घ्या. पण तिथेही खातं कोणाच्या नावावर, हा प्रश्न सुटत नाही. उलट टोकाचे तरुण मित्र कुबरनेटीस वापरायला सांगतात. गूगलने २०१४ मध्ये खुली केलेली ती व्यवस्था अनेक मशीनवरचे ढीगभर कंटेनर सांभाळण्यासाठी आहे. आपल्या शब्दसंग्रहासाठी ती लावणं म्हणजे चार पाहुण्यांसाठी देग चढवणं. एक छोटं मशीन, डॉकर आणि सगळे कंटेनर एका फाइलमध्ये मांडणारं कंपोज, एवढं पुरतं.

एक आक्षेप मात्र खरा आहे: हे सांभाळायला माणूस लागतो आणि शिक्षकाकडे वेळ नसतो. म्हणूनच माझा आग्रह आहे की माणसं दोन असावीत, आणि त्यांतली एक तरी गावात राहणारी. खातं संस्थेच्या ईमेलवर काढा. बिल संस्थेच्या खात्यातून भरा, ताळेबंदात दाखवा. आपोआप पैसे कापले जातील या भरवशावर राहू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरच्या अशा वसुलीला जास्तीची संमती लागते आणि ती नसेल तर पैसे जात नाहीत. बिल भरल्याची तारीख कार्यकारिणीच्या बैठकीत वाचा. आणि जो मुलगा हे करतो, त्याला मानधन द्या. फुकटात काम करून घेतलं की विचारायचा हक्कही आपण गमावतो, हे आम्हाला उशिरा कळलं.

कतारचा तो मुलगा आता आमच्या दोघांपैकी दुसरा आहे. पहिली गावात राहणारी, आमच्याच शाळेतली गणिताची बाई. खातं संस्थेचं आहे. मशीन कुठे आहे, पाककृतीची फाइल कुठे आहे, बॅकअप कुठे जातो आणि परत कसा चढवायचा, हे एका पानावर उर्दूत आणि मराठीत लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवलं आहे. गेल्या महिन्यात बाईंनी ते पान हातात घेऊन, मला एकही प्रश्न न विचारता, नव्या मशीनवर सगळं उभं केलं. दुपार गेली. दोन ठिकाणी माझं लिहिणं अपुरं निघालं, ते त्यांनी लाल पेनाने दुरुस्त केलं.