नगरपालिकेची खरेदी आणि ‘स्थानिक’ माणूस

नगरपालिका ही शहरातील मोठ्यांत मोठी गिऱ्हाईक असते, ही गोष्ट आपल्या ध्यानी सहसा येत नाही. रस्त्याची खडी, शाळेतील मुलांचे जेवण, दवाखान्यातील चादरी, झाडू आणि बादल्या हे सर्व ती विकत घेते, आणि तेही आपण भरलेल्या करातून. हा पैसा कोणाच्या गल्ल्यात पडतो, हा प्रश्न नोकरीच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा असूनही आपल्या सभांतून तो क्वचितच विचारला जातो.

इंग्लंडातील प्रेस्टन या शहराने तो विचारला. २०११ साली तेथील सुमारे ७० कोटी पौंडांची बाजारपेठेची योजना कोसळली. बाहेरचा धनिक येऊन आपले भले करील ही आशा मावळली, तेव्हा नगर परिषदेने स्वतःचाच खर्च तपासावयास घेतला. पोलीस दल, महाविद्यालये, गृहसंस्था, जिल्हा परिषद अशा प्रमुख संस्थांच्या खरेदीचा हिशेब झाला. २०१२-१३ मध्ये त्यांच्या खर्चापैकी अवघे ५ टक्के शहरात राहत होते. २०१६-१७ पर्यंत हे प्रमाण १८ टक्क्यांवर गेले. ‘आमच्याच गावचा हवा’ अशी उघड अट घालण्यास त्या काळी युरोपीय कायद्याची बंदी होती. म्हणून लँकशायरच्या जिल्हा परिषदेने शालेय भोजनाच्या कंत्राटाचे नऊ तुकडे केले: दही निराळे, अंडी निराळी, चीज निराळे, दूध निराळे. सगळा भार ज्याला पेलणार नाही, असा लहान शेतकरीही एक तुकडा सहज पेलू शकतो. युक्ती एवढीच होती.

येथवर ठीक. परंतु स्थानिक म्हणजे कोण? गावचा सावकारही स्थानिकच होता, हे आपणांस कोणी सांगावयास नको.

अमेरिकेतील रिचमंड हे शहर यादवी युद्धात गुलामगिरीच्या पक्षाची राजधानी होते. १९८० च्या दशकात तेथील निम्मी वस्ती कृष्णवर्णीयांची होती. तरीही १९८३ पर्यंतच्या पाच वर्षांत नगराच्या मुख्य बांधकाम-कंत्राटांपैकी ०.६७ टक्के रक्कम तेवढी अल्पसंख्य व्यावसायिकांकडे गेली. १९८३ साली नगर परिषदेने ठराव केला की, मुख्य ठेकेदाराने कंत्राटाच्या रकमेपैकी किमान ३० टक्के काम अल्पसंख्याकांच्या संस्थांस द्यावे. २३ जानेवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा ठराव रद्द केला. भेदभावाचा नेमका पुरावा नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. ०.६७ हा आकडा न्यायालयास पुरेसा वाटला नाही. आम्हांस तो पुरेसा वाटतो. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी विरोधी मत नोंदविले, ते योग्यच होते. मात्र न्यायालयाचा दुसरा आक्षेप सर्वस्वी पोकळ नव्हता. देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातील अल्पसंख्य व्यावसायिकास, अगदी एस्किमोसही, रिचमंडचा हा ठराव लागू होता. म्हणजे ज्याच्यावर त्या शहरात अन्याय झाला, त्याच्याशी तो बांधलेला नव्हता. निविदेची रीत सोपी करा, तारणाची अट सैल करा, होतकरू व्यावसायिकांस शिक्षण आणि भांडवल द्या, हे मार्ग त्याच निकालाने मोकळे ठेवले.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०१२ च्या आदेशाने लघुउद्योगांकडून खरेदीचे प्रमाण ठरविले. २०१८ मध्ये ते २० वरून २५ टक्के झाले. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी आहेत. १९९० च्या दुरुस्तीमुळे बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींची अनुसूचित जातींत गणना होते. तेव्हा हा हक्क आपलाही आहे. पण २०२२-२३ पर्यंत ते ४ टक्के एकाही वर्षी भरले नाहीत. शिवाय हा आदेश केंद्राची खाती आणि केंद्राचे उद्योग यांनाच लागू आहे; नगरपालिका त्याने बांधल्या जात नाहीत.

म्हणून आपल्या शहराची निविदा निघेल तेव्हा ती वाचा. अनामत रक्कम किती मागितली आहे, मागील तीन वर्षांची उलाढाल किती दाखवावयाची आहे, अनुभवाचा दाखला कोणत्या आकाराच्या कामाचा हवा आहे, हे पाहा. काम नवे करणाऱ्याने जुन्या कामाचा दाखला कोठून आणावा? मग आपल्या नगरसेवकास लेखी विचारा की, हे काम प्रभागवार का विभागले नाही.