दोन अ‍ॅम्प, ओहम तेवढेच!

पहिल्या पगारातून घरी म्युझिक सिस्टीम घ्यायचा प्लॅन आहे? मग हा सल्ला तुम्हाला मिळाला असेलच. ‘स्पीकरच्या मागे चार टर्मिनल आहेत ना? आणखी एक अ‍ॅम्प घे, बाय-अ‍ॅम्प कर, आवाज डबल!’ लगेच दुसरा दोस्त घाबरवतो, ‘नको रे, आठ ओहमचा स्पीकर चारचा होईल, अ‍ॅम्प जळेल.’ मंडळी, दोघंही चुकतायत आणि खिसा तुमचा हलका होणार आहे.

आधी ओहमचं बघू. मागे छापलेले ‘८ ओहम’ हा ढोबळ आकडा. गाण्यातला सूर बदलला, की इम्पिडन्सही बदलतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ८ ओहमचा स्पीकर मध्येच ६.४ पर्यंत उतरला तरी चालतं. चार टर्मिनल म्हणजे वूफरची एक जोडी, ट्वीटरची एक आणि प्रत्येकाला आपापला फिल्टर. दोन जोड्यांमधली धातूची पट्टी काढली, की वूफरच्या अ‍ॅम्पवर खालच्या सुरांत आधीचाच लोड येतो, वरच्या सुरांत मात्र इम्पिडन्स चढत जातो. ट्वीटरचं बरोबर उलट. म्हणजे ओहम निम्मे होत नाहीत.

निम्मे कधी होतात? ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनेलला पॅरलल लावले की. मग २० व्होल्टला करंट अडीच अँपिअरवरून पाचवर जातो. आणि बाय-अ‍ॅम्प करताना खरी भीती वेगळीच : ती पट्टी काढायला विसरलात, तर दोन अ‍ॅम्पची आउटपुट एकमेकांना भिडतात. तेव्हा मात्र धूर निघू शकतो!

राहिला डबल आवाज. दोन्ही अ‍ॅम्पमध्ये पूर्ण गाणंच जातं, वाटणी होते ती नंतर, स्पीकरच्या आत. त्यामुळे अ‍ॅम्पची व्होल्टेजची मर्यादा जिथे होती तिथेच राहते. समजा, पॉवर खरंच दुप्पट झाली, तरी वाढतात जेमतेम ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० लागतात.

मग बाय-अ‍ॅम्पिंग थापच का? अजिबात नाही. सारसोळेसारख्या कोळीवाड्यातल्या हळदीला डीजेचा रॅक नीट बघा. मोठ्या सिस्टीममध्ये क्रॉसओव्हर अ‍ॅम्पच्या आधी असतो. बेसच्या अ‍ॅम्पला फक्त बेस, टॉपच्या अ‍ॅम्पला फक्त टॉप. तिथे दुसऱ्या अ‍ॅम्पचा पैसा वसूल होतो. आपण घरी त्यातली फक्त वायर उचलतो, डोकं तिथेच ठेवून येतो.

गावठाणात भिंतीला भिंत लागलेली. रात्री १० नंतर रहिवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल. अशा घरात आणखी वॅट घेऊन करणार काय? माझं स्पष्ट मत : दुसऱ्या अ‍ॅम्पचे पैसे चांगल्या स्पीकरमध्ये घाला. तो भिंतीपासून थोडा पुढे ओढा, समोर जाड पडदा लावा. फरक त्यानेच ऐकू येईल.

तरीही कुणी दुसरा अ‍ॅम्प गळ्यात मारायला आला, तर एकच प्रश्न विचारा : ‘दादा, क्रॉसओव्हर अ‍ॅम्पच्या आधी की नंतर?’ उत्तर ‘नंतर’ असेल, तर पाकीट खिशातच राहू द्या.