मृगाआधी इंजिन कोरडं करा

जुन्या ट्रकच्या मालक, चालक आणि फिटर मंडळींनो,

7 जूनच्या आसपास मृग निघतो. पहिली सर आली की उन्हाळाभर डांबरावर ठिबकलेलं तेल पाण्यावर तरंगतं आणि घाटाच्या वळणावर दुचाकीचं चाक जमीनच सोडतं. खंबाटकी, कसारा, कशेडी, आंबा, कुठलाही घाट घ्या. भरलेली गाडी चढाला लागली की इंजिन तापतं, तेल पातळ होतं आणि गळती वाढते. म्हणजे जिथे रस्ता सगळ्यात अवघड, तिथेच आपण तेल सांडतो.

तीस वर्षं मी हमरस्त्याच्या कडेला फिटरचं काम केलं. एका जूनमध्ये माझ्या गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर एक जोडपं लेकरासकट दुचाकीवरून घसरलं. लेकरू वाचलं, आईचा पाय कायमचा अधू झाला. रस्त्यावर तेलाची बारीक रेघ होती. ती सरळ माझ्या दारात उभ्या असलेल्या ट्रकपर्यंत आली होती. त्या ट्रकबद्दल आदल्या आठवड्यात मीच म्हणालो होतो, "चालेल अजून, तेल टाकत राहा." तो शब्द मला परत घेता येत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

"थेंबच तर पडतोय," असं आपण म्हणतो. त्या थेंबाचा हिशेब करा. साधारण वीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं. सेकंदाला एक थेंब म्हणजे तासाला 180 मिलिलिटर, दहा तासांच्या फेरीत पावणेदोन लिटरच्या वर. ताशी 40 किलोमीटरनं जाताना दर अकरा मीटरला एक थेंब रस्त्यावर पडतो, आणि मागून येणाऱ्याला तो दिसत नाही.

आता खर्चाचं बोलतो, कारण गळती तशीच राहते ती खर्चाच्या भीतीनं. बेल हाउसिंगखाली तेल दिसलं की बहुतेक ठिकाणी एकच निदान होतं: पाठीमागचं क्रँक सील गेलं. मग गिअरबॉक्स उतरवा, क्लच काढा, दोन दिवस गाडी उभी. टाटा आणि कमिन्स यांच्या 1993 च्या भागीदारीतून आलेलं सहा सिलिंडरचं 5.9 लिटरचं इंजिन आजही कितीतरी जुन्या गाड्यांत आहे. त्याच्या ब्लॉकला, डिझेल पंपाच्या मागे दडलेलं एक साइड कव्हर असतं. त्याचं पॅकिंग कडक झालं की तेल ब्लॉकच्या कडेनं मागे सरकतं आणि थेट बेल हाउसिंगवरून टपकतं. दिसायला अगदी सील गेल्यासारखंच. एका दहाचाकी गाडीचा गिअरबॉक्स मालकानं दोनदा उतरवून घेतला होता, दोनदा नवं सील बसवलं होतं. तेल येत होतं या कव्हरातून. तीच गत वरच्या सहा टॅपेट कव्हरांची. प्रत्येकाचं पॅकिंग वेगळं, त्यातलं एक जरी चेपलं तरी तेल खालपर्यंत ओघळतं.

तेल नेहमी खाली उतरतं आणि चालत्या गाडीच्या वाऱ्यानं मागे जातं. त्यामुळे जिथे टपकतं तिथे शोधू नका. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधा.

त्यासाठी आधी इंजिन धुवा. काळा थर साचलेल्या इंजिनवर गळती सापडतच नाही. थंड इंजिनवर डिग्रीझर मारा, ब्रशनं घासा, पाणी मारताना अल्टरनेटर आणि स्टार्टर झाका. कोरडं झाल्यावर संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा. वीस-तीस किलोमीटर फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन पाहा. पावडरीवर पहिला डाग जिथे, गळती तिथे. इंजिन चालू असताना वाकायचं असेल तर गमछा आणि सैल बाही फॅनपासून लांब ठेवा, चाकांना ठोकळे लावा. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला तर सकाळी डागाची जागाही कळते आणि रंगही. काळं पातळ ते इंजिनाचं. घट्ट आणि गंधकासारखा वास येणारं गिअरबॉक्सचं, म्हणजे इंजिनाला हात लावायचं कारणच नाही.

सील बदलण्याआधी ब्रीदर पाइप बघा, हे हात जोडून सांगतो. तो चिखलानं किंवा काजळीनं बुजला की इंजिनाच्या पोटात दाब साठतो आणि प्रत्येक सीलमधून तेल बाहेर ढकलतो. इंजिन आयडलवर ठेवून तेल भरायच्या तोंडावर झाकण उलटं, नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि ब्रीदर मोकळा असेल, तर गाडी बॅक कॉम्प्रेशन मारते आहे, दुखणं पिस्टन रिंगमध्ये आहे. अशा इंजिनाला दहा सीलं बदला, अकरावं गळेल.

सील खरंच गेलं असेल तर फिटर बंधूंनी एवढं पाळावं. या कमिन्सचं क्रँक सील कोरडं बसवायचं असतं. सीलच्या ओठावर किंवा क्रँकवर तेलाचा हातही लागू देऊ नका. जुन्या सवयीनं आपण तेल लावतो आणि नवं सील महिन्याभरात गळतं. क्रँकवर चर पडली असेल तर स्लीव्ह बसवा. चेंबरला सिलिकॉन थापू नका. आत सुटलेले तुकडे स्ट्रेनरला जाऊन बसतात, तेलाचा दाब पडतो आणि बेअरिंग जातं. ऑइल फिल्टर बदलताना जुन्याचं रबर हेडला चिकटून राहिलं नाही ना, बोट फिरवून बघा.

टर्बोच्या तेलाची परतीची नळी मात्र आजच बघा. तिचं तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर गाडी पेटू शकते. क्लचवर तेल गेलं तर चढावर भरलेली गाडी ओढ सोडते. आठ वर्षांवरच्या गाडीला दर वर्षी पासिंग असतं. त्या दिवसापुरतं पुसून नेऊ नका.

काढलेलं काळं तेल ओढ्यात ओतू नका, अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्या. 2016 च्या घातक कचरा नियमांत ते येतं.

प्रत्येक गाडीत गोणीभर कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा ठेवा. वाटेत तेल सांडलंच तर गाडी कडेला घ्या, मागे त्रिकोण लावा, पाणी न ओतता डागावर माती पसरा. राष्ट्रीय महामार्गावर 1033 ला, इतरत्र 112 ला फोन करा. आणि कुणी येईपर्यंत वळणाच्या अलीकडे उभे राहून दुचाकीवाल्यांना हात दाखवा.